डावं पान

पाळकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, व्यासपीठाच्या लाकडावर तळहाताने सपाट केला आणि म्हणाले, "आज उपदेश मी करणार नाही. तीनशे वर्षांपूर्वीची एक बाई करणार आहे."

तिसऱ्या बाकावर ती बसली होती. तिने नाक मुरडलं. ही तीनशे वर्षांपूर्वीची बाई तीन वर्षं तिच्याच घरात मुक्कामाला होती. तिचं ऐकायला इस्त्रीचे कपडे घालून इथवर यायची काही गरज नव्हती. शेजारी नवरा मात्र सावरून बसला. त्याने कोटाची कॉलर नीट केली. जणू बाई आत्ता बाजूच्या दाराने आत येणार होती.

"दिवेवालीचं सत्ताविसावं मनन. त्यातला शेवटचा भाग," पाळक म्हणाले आणि वाचू लागले. "देवा, दिव्याकडे सगळे बघतात, दिवा लावणारीकडे कुणी बघत नाही. नको बघू देत. पण तूही? तूही माझ्याच उजेडात वाचत बसलास आणि तेल कुणी घातलं ते एकदा विचारलं नाहीस. मी तुझ्यावर रागावले आहे. रागावले आहे म्हणजे अजून इथेच आहे. ज्या दिवशी माझा राग संपेल, त्या दिवशी घाबर."

गीतांचं पुस्तक तिच्या मांडीवरून घसरलं आणि फरशीवर आपटलं. पुढच्या बाकावरची दोन डोकी वळली. ती वाकली नाही. पुस्तक पायाशी तसंच पडून राहिलं.

ही वाक्यं दिवेवालीची नव्हती. तिची होती. दीड वर्षापूर्वी एका दुपारी दातओठ खात तिने ती वहीत लिहिली होती, पेन्सिलीने, स्वतःसाठी. ती इथे कशी आली?

पाळकांनी कागदाची घडी घातली. मागून कुणीतरी अवेळीच "आमेन" म्हणालं. एक म्हातारी उघड उघड हुंदके देत होती. आणि इकडे तिसऱ्या बाकावर नवऱ्याने जाड भिंगांचा चष्मा काढला, रुमालाची घडी डोळ्यांवर दाबली आणि तशीच धरून ठेवली.

तिने वळून पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात हा माणूस रडलेला तिने पाहिला नव्हता. बापाला माती देताना नाही, लेक दूरदेशी गेली तेव्हा नाही. आज रडला. आणि रडला तो कुणासाठी? त्या मेलीसाठी. शब्दशः मेलीसाठी.

उपासना संपल्यावर अंगणात गायकवृंदातल्या नर्सबाईंनी तिचा हात धरला.

"काकू, काय बाई होती हो! अंगावर काटा आला. आणि तुम्ही हे सगळं स्वतःच्या हाताने लिहून घेतलंत. नशीबवान आहात."

"हो ना," ती म्हणाली. "हात माझेच."

पलीकडे पाळक नवऱ्याला गाठून बोलत होते. पाळक वयाने लहान होते आणि उत्साहात असले की बोलताना समोरच्याच्या कोटाचं बटण धरायचे.

"मास्तर, परवा प्रेसवर गेलो होतो. प्रुफं चाळता चाळता हे हाती लागलं. तिथेच खुर्चीत बसलो मी. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर हेच जाणार आहे. मोठ्या अक्षरात. खाली 'दिवेवाली', बस्स."

"प्रुफं उद्या घरी पाठवा," नवरा म्हणाला.

"पाठवतो. पण सांगा तरी, निवड कशी वाटली?"

"प्रुफं पाठवा," तो पुन्हा म्हणाला, आणि बायकोचा दंड शोधण्यासाठी त्याने हात पुढे केला. तिने तो दिला, पण लाकडासारखा.

त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत तो एक दिवसही शिकवायला गेला नव्हता. एका वर्तमानपत्रात त्याने चाळीस वर्षं प्रुफं तपासली होती आणि समोरचा माणूस बोलत असतानाच त्याचं वाक्य दुरुस्त करायची खोड त्याला तिथे लागली होती. निवृत्त झाला आणि चर्चच्या मंडळीने जुन्या शतकांतले उपदेश आणि मननं आपल्या भाषेत आणायची माला काढली. मास्तरने आपण होऊन काम अंगावर घेतलं. दोन जाडजूड शब्दकोश आणून ती जुनी भाषा तो शिकला. पहिला खंड होता होता त्याचे डोळे गेले. सगळे नाही, नजरेच्या मधोमध धुकं बसलं. भिंग धरलं की एका वेळी एक अक्षर दिसायचं, दोन दिसली तर दिवस चांगला.

तेव्हापासून तो सांगायचा आणि ती लिहायची. खिडकीजवळचं टेबल, सकाळी दहा ते बारा. बारानंतर ती शिवणयंत्रावर बसायची, कारण घरात तिचीही एक विद्या होती आणि अर्ध्या गल्लीचे कपडे तिच्या हातून जात. वहीचा नेम ठरलेला होता. उजव्या पानावर शाईने मजकूर. डावं पान कोरं. मागाहून काही सुधारायचं झालं तर उजवीकडे छोटी फुली मारायची आणि डाव्या पानावर पेन्सिलीने नवा मजकूर लिहायचा. तिच्या भाषेत सांगायचं तर डावीकडे कच्चा टाका, उजवीकडे पक्की टीप. प्रेसवरच्या टाईपवालीला हे पाठ होतं. दोन खंड तिने याच वह्यांवरून केले होते. डावीकडे आहे आणि फुली आहे, म्हणजे आत घ्यायचं. फुली नाही, म्हणजे ते घरातलं काहीबाही; सुयांचे नंबर, कुणाच्या बाहीचं माप.

पहिले दोन खंड मजेत गेले, खोटं कशाला बोला. सगळे पुरुष होते, सगळे कडाडणारे. एक जण वाळूचं घड्याळ घेऊन उभा राहायचा. वाळू संपली की घड्याळ उलटं करायचा आणि म्हणायचा, बसून राहा, नरकाचं अजून अर्धंच झालंय. एकाने स्वतःची शवपेटी जिवंतपणीच करून घेतली होती आणि तिच्यात पुस्तकं ठेवायचा.

"तुमचाच भाऊ शोभतोय," ती म्हणाली होती.

"माझी पेटी कुठाय?"

"हे टेबल काय आहे मग?"

मास्तर खो खो हसला होता. ते दोघं असे खूप हसायचे तेव्हा. ते जुने उपदेशक पाहुण्यांसारखे घरात वावरायचे, ओरडायचे, निघून जायचे.

मग तिसऱ्या खंडाला ही आली. दिवेवाली. नाव कुणाला ठाऊक नाही. कुठल्याशा दगडी देवळात पहाटे दिवे लावायचं काम करायची, आणि चाळीस मननं लिहून ठेवून मेली. पहिल्याच दिवशी मास्तरचा आवाज खाली आला. कडाडणाऱ्यांचं तो मोठ्याने सांगायचा. हिचं सांगताना जवळ सरकून, हळू. "बाईंनी इथे श्वास घेतलाय." "बाईंना हा शब्द फार प्रिय." तीनशे वर्षांपूर्वी मेलेली ती 'बाई', मानाने, आणि शेजारी बसून बोटं काळी करणारी ती नुसती 'अगं'.

आठवड्याभरात तो रोज दाढी करायला लागला. आधी दोन-दोन दिवस खुंट वाढलेले असायचे. आता दहा वाजायच्या आत न्हाणीघरात वाटीवर वस्तरा आपटल्याची टकटक ऐकू यायची आणि मास्तर गुळगुळीत गालांनी टेबलापाशी येऊन बसायचा. तिने विचारलंसुद्धा.

"कुणी यायचंय का?"

"छे, कोण यायचंय? अशा मजकुरासमोर माणसाने जरा नीट बसावं."

अशा मजकुरासमोर! लग्नाच्या बायकोसमोर खुंट चालतात.

त्या सत्ताविसाव्या मननात दिवेवालीने लिहिलं होतं, मी नुसती वात आहे, ज्योत तू. माझ्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये, एवढीच माझी प्रार्थना. मास्तरने भिंग खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसला.

"किती निर्मळ," तो म्हणाला. "मी-पण म्हणून नाही. अशी बाई लाखात एक."

"मला नाही पटत," ती म्हणाली. "कुणाचं लक्ष जाऊ नये असं वाटतं, तर लिहून कशाला ठेवलं?"

मास्तर हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "तुला नाही कळायचं ते. तू लिहून घेतेस. लिहून घेणारं माणूस ऐकतंच असं नाही."

एवढं बोलून तो खुर्चीत मान टाकून झोपला. ती वही पुढ्यात घेऊन बसून राहिली. शाईचं पेन टोपण लावून ठेवलं. पेन्सिल उचलली. डाव्या पानावर जे उतरलं ते तिने ठरवून लिहिलं नव्हतं. हात चालत होता, टीप चुकल्यावर यंत्र एकटंच पुढे पळतं तसा. आणि लिहिण्याआधी, कितीतरी वर्षांच्या सवयीने, तिने उजवीकडे दिवेवालीच्या प्रार्थनेनंतर छोटीशी फुली मारली. दारावरची घंटा वाजली, गायकवृंदाच्या झग्यांचं कापड आलं होतं. चोवीस झगे. वही मिटली ती मिटलीच. खोडायचं राहून गेलं.

टाईपवालीने नेमानुसार आत घेतलं. तिची काय चूक?

सोमवारी प्रुफं आली. मास्तरने लिफाफा हातानेच चाचपला, मूळ पुस्तक पुढे ओढलं.

"सत्ताविसावं वाच."

तिने वाचलं. वातीचं झालं, ज्योतीचं झालं आणि पुढे तिची स्वतःची वाक्यं छापील अक्षरांत उभी होती. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तशी तिने ती वाचली.

"पुन्हा."

तिने पुन्हा वाचलं.

"आता वहीतलं वाच. उजवं पान."

उजव्या पानावर अर्थातच मनन प्रार्थनेपाशी संपत होतं. ती थांबली.

"एवढंच?"

"एवढंच."

"डावीकडे काही आहे का?"

तिची नजर डाव्या पानावर होती. पेन्सिल आता फिकट झाली होती, तरी वाचता येत होती.

"सुयांचे नंबर आहेत," ती म्हणाली. "चौदा आणि सोळा."

"बाकी?"

"बाकी काय असणार?"

मास्तरने हात पुढे केला. तिने वही मिटून दिली. त्याने ती कोपराखाली घेतली आणि भिंग मूळ पुस्तकावर धरलं.

तीन दिवस तो तिथून हलला नाही. सत्ताविसावं, मग सव्विसावं, मग अठ्ठाविसावं. पानांच्या कडा, तळाशी कुणी काही लिहिलंय का, शिवणीत एखादं पान अडकलंय का. एकेक अक्षर. ती यंत्रावरून बघत राहायची. माझं वाक्य तो तिच्या खिशात शोधतोय, असं तिला वाटायचं, आणि पाय यंत्रावर इतका जोरात पडायचा की दोरा तुटायचा.

मंगळवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला सगळं सांगावं लागलं.

"म्हणजे ताई," बहीण म्हणाली, "सवतीने तुझा कोट घातला आणि लोक म्हणतायत तिला काय शोभतो!"

"हसू नकोस."

"नको तर काय करू? जिवंत सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या. हिच्या थडग्यावर जाऊन भांडणार आहेस?"

"माझी वाक्यं तिच्या नावावर जाणार आहेत. कव्हरवर. मी मेल्यावरसुद्धा ती तिचीच राहणार."

"मग भाऊजींना सांगून टाक. दोन शब्दांचं काम."

तिने हातातलं रीळ फिरवलं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? अहो, ज्यावर तुम्ही रडलात ते माझं आहे, आता माझ्यासाठी रडा? मागून घेतलेलं रडू तिला नको होतं. त्याने ओळखायला हवं होतं. अडतीस वर्षं ज्या आवाजात 'जेवायला या' ऐकलं, तो आवाज छापून समोर आला तर माणसाला ओळखता येऊ नये? आणि समजा सांगितलं आणि त्याचा चेहरा पडला तर? 'अरेरे, बाईंचं नाही का हे,' असं म्हणाला तर? मग त्यानंतर ती कुठे जाणार होती?

"ताई, आहेस का?"

"आहे," ती म्हणाली. "ठेव आता. दोरा संपलाय."

बुधवारी आणि गुरुवारी दुपारी तिला देवळामागच्या खोलीत जावं लागलं. चोवीस जणांच्या अंगावर झगे चढवून उसवलेले काठ पुन्हा मापायचे होते. नर्सबाई हात वर करून उभ्या असताना पुन्हा तेच बोलल्या. "मी ते वाक्य उतरवून फ्रिजवर चिकटवलंय, काकू. आमच्या ह्यांनी वाचलं आणि दोन दिवस नीट बोलतायत." तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ती वाचली.

गुरुवारी घरी आली तेव्हा मास्तर टेबलाशीच होता. वही कोपराखाली, भिंग बाजूला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या उजव्या कफावर शाईचा नाण्याएवढा डाग होता आणि दोन बोटं निळी झाली होती.

"हे काय केलंत?"

"प्रेसला पत्र लिहीत होतो."

"तुम्ही? स्वतः?" डोळे गेल्यापासून त्याने पेन हातात धरलं नव्हतं. सहीसुद्धा ती बोट धरून करवून घ्यायची. अक्षरं ओळ सोडून पळायची. "मी मेले होते का?"

"तू नव्हतीस."

तिने कफ चिमटीत धरून उजेडात पाहिला. शाई आरपार गेली होती. "शाई निघत नाही, माहीत आहे ना? पेन्सिल असती तर निघाली असती."

"माहीत आहे," मास्तर म्हणाला.

पत्र कुठे दिसलं नाही. तिने विचारलंही नाही. सवतीच्या वकिलाचं पत्र असणार, जाऊ दे.

शुक्रवारी पाळक कव्हरचा नमुना घेऊन आले. गडद निळ्यावर एक पिवळी ज्योत, आणि मागे ती सहा-सात वाक्यं. ती आत यंत्रावर होती. दार अर्धं उघडं होतं.

"मास्तर, बघा. म्हणजे, हात लावून बघा. कागद कसला आहे!"

"ती प्रुफं घ्या," मास्तर म्हणाला. "सत्ताविसावं उघडा."

पानं सळसळली.

"ही काट कसली?"

"तेवढं काढायचं आहे. मूळ पुस्तकात ते नाही. बाईंनी लिहिलेलं नाही."

"काढायचं? मास्तर, अख्खी मंडळी रडली!"

"रडू दे."

"मग ते आलं कुठून?"

"आलं."

"असं कसं आलं? टाईपवाली काही मनाने लिहीत नाही." पाळकांची खुर्ची करकरली. "बरं, खाली एक तळटीप टाकू. 'काही प्रतींत आढळतं', असं काहीतरी. राहू द्या हो. खरं सांगू? रागावू नका. चाळीस मननांत हेच एक जिवंत आहे. बाकी सगळं गोड आहे, पण हे जिवंत आहे."

यंत्राचा पाय थांबला. तिने सुई कापडातच राहू दिली.

"तळटीप नको," मास्तरचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द ठेवत. "बाईंच्या पुस्तकात ते जाणार नाही. कव्हरवर नाही, आत नाही. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, ही चूक ठेवणार नाही."

चूक. तिने तो शब्द ऐकला आणि पुढचं काही ऐकलं नाही. पाळक केव्हा उठले, दार केव्हा लागलं, तिला कळलं नाही. ती बाहेर आली तेव्हा मास्तर वही कोपराखाली घेऊन टेबलाशी बसला होता.

"काढलंत?"

"काढलं."

"सगळ्यांना आवडलं होतं."

"हो."

"तुम्हालाही. रडलात तुम्ही. मी बघितलं."

"हो."

"तरी काढलंत."

"बाईंचं नव्हतं ते."

"बाईंचं नव्हतं," ती म्हणाली. हाताला लागलेला दोरा तिने बोटाभोवती इतका आवळला की टोक पांढरं पडलं. "बाईंचं नव्हतं म्हणून कचऱ्यात."

"कचऱ्यात म्हणालो का मी?" मास्तर उठला. भिंतीला हात लावत, दाराची चौकट चाचपत तो आतल्या खोलीत गेला आणि पलंगावर पाठ टेकल्याचा आवाज आला.

ती तिथेच उभी राहिली. म्हणजे हे असं. दिवेवालीच्या नावावर जाणार होतं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. आता कुणाच्याच नावावर नाही, तर त्याहून वाईट. निदान फ्रिजवर तरी होतं. उद्या नर्सबाई विचारतील, काकू, पुस्तकात कसं नाही ते? काय सांगायचं? आमच्या मास्तरांनी चूक काढली. आणि दिवेवाली पुन्हा धुतल्या तांदळासारखी निर्मळ, मी-पण म्हणून नाही!

शनिवारी सकाळी ती उठली ती मनात ठरवूनच. प्रुफं गेली होती, मूळ पुस्तक फडक्यात बांधून कपाटात गेलं होतं. तिसरा खंड संपला. वही टेबलावर एकटीच पडली होती. पाच दिवसांत पहिल्यांदाच तिच्यावर त्याचं कोपर नव्हतं. ती खोडून टाकणार होती. ज्याला चूक म्हटलं त्याचा पुरावा घरात कशाला? कपड्यांच्या नमुन्याच्या कागदांवरच्या पेन्सिलीच्या रेघा पुसायचा तिचा मोठा खोडरबर होता, तो तिने शिवणाच्या डब्यातून घेतला.

सत्ताविसावं उघडलं. चष्मा यंत्रावर राहिला होता. तो नव्हता तरी अडणार नव्हतं, जागा हाताला ठाऊक होती. डाव्या पानाच्या माथ्यावर तिने खोडरबर टेकवला आणि "देवा" या शब्दावर जोर लावून घासला. कागद सुरकुतला. अक्षर गेलं नाही. तिने पुन्हा घासलं. खोडरबराची काळी भुकटी पानावर पसरली आणि खाली शब्द तसाच, उलट जास्तच गडद.

ती चष्मा आणायला गेली. परत आली आणि पानावर वाकली.

पेन्सिल कुठे दिसतच नव्हती. तिच्या प्रत्येक अक्षरावरून शाई फिरली होती. जाड टोकाच्या पेनाची निळी शाई. एका वेळी एकच अक्षर दिसणाऱ्या माणसाने गिरवावं तशी. कुठे काना ओळ सोडून खाली घसरलेला, कुठे शिरोरेघ तुटून पुढच्या शब्दावर चढलेली, कुठे थांबून विसावा घेतल्याचा ठिपका. सुयांचे नंबर तसेच होते, पेन्सिलीतच. त्यांना त्याने हात लावला नव्हता. मधल्या एका ओळीवर मनगट टेकल्याचा पुसट ठसा होता, कफाएवढा.

तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचत खाली आणलं. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं. "घाबर"वर शाई दोनदा फिरली होती.

न्हाणीघरातून वाटीवर वस्तरा आपटल्याची टकटक आली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहाला पाच मिनिटं कमी होती. आज लिहून घ्यायला काही उरलेलं नव्हतं.